मत्स्यगंधेचा साताऱ्यातला मुक्काम

टीव्हीवर एखादा जुना सिनेमा लागायचा. नायक दारातून आत यायचा, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत एक बाई बाहेर यायची. की आमच्या आईचं ठरलेलं वाक्य, "अगं, ही आपली मत्स्यगंधा!"

लहानपणी मला या वाक्याचं काही कळायचं नाही. मी म्हणायची, "कुठली मत्स्यगंधा? ही तर त्याची आई आहे." त्यावर आई चिडायची. "आई काय, आई! तुम्हाला मेलं सगळं पडद्यावरचंच माहीत. गाताना ऐकलंयस का तिला कधी?"

नव्हतं ऐकलं. माझ्या पिढीला आशालता वाबगावकर म्हणजे कुणाची तरी आई, कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी मावशी. चेहरा ओळखीचा, अगदी आपल्या आळीतल्या काकूंसारखा. नाव मात्र चटकन ओठांवर यायचं नाही. 'अगं ती नाही का, त्या सिनेमात होती ती...' असंच आपण चरित्र अभिनेत्रींबद्दल बोलतो. मीही तशीच बोलायची.

आईचं माहेर सांगलीचं. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, १ मे १९६४ ला 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आलं. आजोबांच्या वाड्यात फडताळावर रेडिओ होता. त्यावर आईनंच भरलेला रुमाल घातलेला. रात्री जेवणं आटोपली, ओटा धुवून झाला की नाट्यसंगीत लागायचं, आणि वाड्यातल्या सगळ्या बायका कामं तशीच टाकून उंबऱ्याशी येऊन बसायच्या. आई तेव्हा विशीत होती. रेडिओवर गाणारी ती मुलगीसुद्धा आपल्याच वयाची आहे, हे कुठल्याशा मासिकात वाचून तिला कळलं आणि तेव्हापासून ती 'आपली' झाली. दोघींची कधी भेट झाली नाही. पण हे नातं साठ वर्षं टिकलं.

'मत्स्यगंधा' लिहिलं वसंत कानेटकरांनी. ते नाशिकचे म्हणून सगळ्यांना ठाऊक असतात, पण जन्म त्यांचा आपल्या रहिमतपूरचा आणि शिक्षण सांगलीत, विलिंग्डन कॉलेजात. (हे सांगताना आईचा आवाज हमखास चढायचा!) संगीत होतं पंडित जितेंद्र अभिषेकींचं, दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचं आणि संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन. पराशर झाले होते रामदास कामत आणि सत्यवती झाल्या आशालता. सत्यवती म्हणजे नाव वल्हवणारी कोळ्याची पोर. तीच पुढे हस्तिनापूरची राणी होते आणि मग अख्ख्या कुरुकुळाची आजी. विशीतल्या मुलीच्या वाट्याला एवढी मोठी भूमिका आली ती ही.

या भूमिकेपर्यंत त्या पोचल्या त्याचीही एक वाट आहे. घराणं गोव्याचं, वाढल्या मुंबईत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोकणी गाणी म्हणायच्या. गोवा हिंदू असोसिएशननं राज्य नाट्यस्पर्धेसाठी 'संशयकल्लोळ' बसवलं, त्यात गाणारी रेवती हवी होती. तिथं त्या रंगभूमीवर आल्या आणि गोपीनाथ सावकारांसारखा गुरू मिळाला. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या बाईंनी नोकरी करत करत बी.ए. केलं आणि पुढे मानसशास्त्रात एम.ए.सुद्धा. साठच्या दशकातल्या मध्यमवर्गीय मुलीचं हे चित्र डोळ्यापुढे आणून बघा. दिवसा कचेरी, मग अभ्यास, रात्री तालीम, आणि घरी परतताना चाळीतल्या खिडक्यांमधून बघणारे डोळे! नाटकात काम करणाऱ्या मुलीबद्दल तेव्हा काय काय बोललं जायचं हे आपल्या आयांना विचारावं. आमच्या आईला नुसतं गॅदरिंगमध्ये उभं राहायला आजोबांची परवानगी मिळाली नव्हती.

मग ही गाणारी नायिका कुणाची तरी आई कशी झाली?

याचं एक कारण सरळ आहे. संगीत नाटकांचे प्रयोग हळूहळू कमी होत गेले. गाऊन नायिका होता येईल अशी नाटकंच थोडी उरली. आशालतांनी गद्य नाटकं केली, 'गुंतता हृदय हे'सारखी गाजलेलीही केली. पण चाळिशीच्या जवळ आलेल्या बाईला नायिका म्हणून कोण बोलावणार? त्याच सुमाराला बासू चटर्जींचा 'अपने पराये' आला. साल १९८०. शरदबाबूंच्या कथेवरचा, एकत्र कुटुंबाचा सिनेमा. त्यात आशालतांना घरातली थोरली सून मिळाली. सगळ्या घराला माया लावणारी, सगळ्यांवर पटकन विश्वास ठेवणारी. त्या वर्षीच्या फिल्मफेअरला सहायक अभिनेत्रीसाठी त्यांचं नामांकन झालं. हिंदीत पाय ठेवल्या ठेवल्या ही पावती म्हणजे थोडी गोष्ट नाही.

आता जरा हिशेब करू. आशालतांचा जन्म १९४१ चा. या सिनेमात ज्यांच्या त्या आईसारख्या वहिनी होतात ते अमोल पालेकर १९४४ चे. म्हणजे दोघांत अंतर तीन वर्षांचं! पालेकर पुढची काही वर्षं नायक राहिले आणि आशालता त्या दिवसापासून थोरल्या झाल्या त्या झाल्याच. पुढची चाळीस वर्षं त्यांचं पडद्यावरचं वय वाढलं नाही आणि कमीही झालं नाही. एकदा आंबाडा बांधला की बांधला. आपल्याकडे पुरुष नटाला पांढरे केस आले की तो 'रुबाबदार' दिसतो, बाईचा एक केस पिकला की तिच्या हातात आरतीचं तबक येतं. मला विचाराल तर यात प्रेक्षक म्हणून आपलाही हात आहे. पन्नाशीच्या बाईची स्वतःची गोष्ट असते, हे आपल्याला तरी कुठं बघायचं असतं?

तरीही त्या तबक धरण्यात फरक असतो. 'उंबरठा' आठवतोय? १९८२ चा, जब्बार पटेलांचा. आपण सगळ्याजणी तो स्मिता पाटीलसाठी बघतो आणि ते बरोबरच आहे. सुलभा महाजन घराबाहेर पडते, महिलाश्रमाचं काम हाती घेते, छोट्या मुलीला मागे ठेवून जाते. पण ती मुलगी कुणाजवळ राहते? जावेजवळ. ही जाऊ म्हणजे आशालता. त्या बाईला मूल नाही. धाकट्या जावेची पोर ती न्हाऊ-माखू घालते, तिचे लाड करते, आणि बघता बघता ती पोर तिचीच होऊन जाते. सुलभा सुट्टीत घरी येते तेव्हा लेकीला आई परकी वाटते.

हा सिनेमा मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या जावेचा राग आला होता. वाटलं, हिनं मुलगी पळवली. नंतर लग्न झालं, नोकरी लागली, माझी मुलगी सांभाळायला माझी थोरली जाऊ पुढे आली आणि मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. त्या वेळी मात्र माझी नजर आशालतांवरून हलेना. त्या बाई कुठंही खलनायिका होत नाहीत. आपण कुणाचं काही घेतोय याची त्यांना जाणीवच नाही. त्या फक्त माया करतायत, आणि तीच माया दुसऱ्या बाईचं घर बंद करतेय. हे इतकं साधं करून दाखवणं काय सोपं आहे? भाषण नाही, रडारड नाही. मुलीला जवळ घ्यायची नुसती सवय. नायिका उंबरठा ओलांडते खरी, पण उंबरठ्याच्या आतली बाई कुणीतरी तेवढीच खरी उभी करावी लागते. नाहीतर नायिकेच्या बाहेर पडण्याला किंमत काय राहिली?

चरित्र अभिनेत्रीचं काम हे असं. तिच्यावर कॅमेरा थोडा वेळ असतो. मोठ्या माणसाच्या वाक्यावर तिच्या चेहऱ्याचा एक तुकडा घेतात, बस्स. त्या तुकड्यात घर दिसलं पाहिजे. एन. चंद्रांच्या 'अंकुश'मध्ये (१९८६) त्या होत्या. त्यातली प्रार्थना पुढे आपल्या शाळाशाळांतून म्हटली गेली. राजदत्तांचं 'पुढचं पाऊल' त्याच वर्षीचं, हुंडाबळीवरचं. १९९१ च्या 'माहेरची साडी'तही त्या आहेत. तो सिनेमा आमच्या थिएटरात लागला तेव्हा गावोगावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आल्या होत्या आणि जाताना रुमाल पिळून गेल्या होत्या! हिंदी-मराठी मिळून शंभराहून जास्त सिनेमे त्यांनी केले. त्यातले किती आपण नाव लक्षात ठेवून बघितले?

या कामाचा व्यवहारही सांगायला हवा, कारण त्याविषयी फारसं बोललं जात नाही. ठराविक पगार नाही. मालिकेत जितके दिवस बोलावलं तितक्या दिवसांचे पैसे, आणि तेही बहुतेकदा नव्वद दिवसांनी हातात. महिन्याला किती दिवस मिळतील हे कथानकावर ठरतं. कथानक धाकट्या सुनेकडे वळलं की आजेसासूबाई दहा दहा दिवस घरी. पेन्शन नाही, फंड नाही. सत्तरी उलटली तरी फोनची वाट बघायची. कुणी म्हणेल, एवढं काय, वय झालं, आता आराम करावा. आरामाचे पैसे कोण देतं हो?

२०२० मध्ये नेमका हाच प्रश्न उभा राहिला. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली. मे महिन्याच्या शेवटी सरकारनं ती पुन्हा सुरू करायला परवानगी दिली, पण एक अट घातली. पासष्टच्या वरच्या कुणालाही सेटवर येता येणार नाही. हेतू वाईट नव्हता. त्या आजारानं म्हाताऱ्या माणसांनाच जास्त गाठलं होतं. पण मालिकांच्या घरातले आजी-आजोबा एका रात्रीत गायब झाले. कुणी गावी गेले, कुणी यात्रेला गेले, कुणी नुसतेच 'आत झोपलेत' झाले. आपण हसलो. ज्यांचं घर त्या दिवसांच्या पैशांवर चालत होतं त्यांना हसू येत नव्हतं. 'बालिका वधू'मधल्या दादीसा, सुरेखा सिक्री, यांनी तर तेव्हा उघडपणे सांगितलं की मला मदत नको, मला काम करू द्या.

सत्तरीतल्या एका नटानं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयानं ती अट रद्द केली. दुकान उघडायला, प्रवासाला, इतर कामधंद्याला वयाची अशी अट नाही, मग एकट्या नटांनाच का, आणि सन्मानानं पोट भरण्याच्या हक्काचं काय, असा त्या निकालाचा रोख होता. मला तो निकाल तेव्हाही पटला होता. आजही पटतो. पुढे जे झालं ते माहीत असूनही पटतो, आणि तरी तो आठवला की घशाशी काहीतरी अडकतं.

निकालानंतर महिन्याभरात आशालता साताऱ्याकडे आल्या. 'आई माझी काळूबाई' या मालिकेसाठी. मांढरदेवीच्या काळूबाईच्या भक्तीची मालिका, निर्मात्या अलका कुबल, त्याच 'माहेरची साडी'च्या. चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात. साताऱ्याला हे नवीन नाही. वाई-मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये सगळ्या देशानं पाहिलाय. कुणाच्या वाड्यात लग्न लावलं जातं, कुणाच्या शेतात मारामारी होते, आणि सेटवरच्या माणसांना भाकऱ्या पुरवून गावातल्या बायकांच्या हातात चार पैसे येतात. १४ सप्टेंबरला मालिका सुरू झाली. आईनं पहिल्या दिवशी मुद्दाम लावायला सांगितली. "बघू दे मत्स्यगंधा कशी दिसतेय."

आठवड्यातच सेटवर वीसहून जास्त जणांना लागण झाल्याची बातमी आली. त्यात आशालता होत्या. साताऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं. व्हेंटिलेटरवर आहेत असं समजलं. आमच्या घरापासून ते रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. पण जाणार कुठं? त्या सप्टेंबरात साताऱ्यात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिवसभर रुग्णवाहिकेचे आवाज. माझे चुलत सासरे बेडसाठी दीड दिवस गाडीतून हिंडत होते. आई खिडकीशी बसून राहायची आणि प्रत्येक आवाजाला विचारायची, "तिचं काही कळलं का?"

२२ सप्टेंबरच्या पहाटे त्या गेल्या. ७९ वर्षांच्या होत्या. अलका कुबल त्या दिवसांत साताऱ्यातच होत्या, त्यांनीच ती बातमी सगळ्यांना सांगितली. नियमाप्रमाणे अंत्यसंस्कारही इथंच झाले. ना मुंबईतला रंगमंच, ना गोव्याची माती. ओळखीचे चार चेहरे आणि साताऱ्याचा पाऊस. ज्या नाटककाराच्या शब्दांनी त्यांना नाव दिलं त्याचं रहिमतपूर इथून फार लांब नाही.

काहीजणींनी तेव्हा मला म्हटलं, "या वयात कशाला जायचं कामाला? काय कमी होतं?" मला हा प्रश्न बाईलाच विचारला जातो असं वाटतं. ऐंशीच्या पुढाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यांना पैशाची गरज होती की कामाची, ते मला माहीत नाही, आणि ते विचारण्याचा अधिकारही मला नाही. सेटवर मेकअपच्या खुर्चीत बसण्याची पंचावन्न वर्षांची सवय असलेल्या बाईला घरात बसून काय वाटत असेल, एवढं मात्र मी आईकडे बघून सांगू शकते. तिचा डबा-पोळ्यांचा उद्योग आम्ही ती सत्तरीची झाल्यावर काळजीपोटी बंद केला. वर्षभरात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कराडच्या कमल ठोके गेल्या. 'लागिरं झालं जी'मधल्या आपल्या जिजी. त्यांचा रस्ता अगदी उलटा. हयात शाळेत गेली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. नोकरी सांभाळून नाटक-सिनेमाची हौस जपली. आणि ज्या वयात बायका नातवंडांचे स्वेटर विणतात त्या वयात ही मालिका मिळाली. २०१७ पासून दोनेक वर्षं त्या घराघरांत होत्या. आपल्याच जिल्ह्यात चित्रीकरण, आपलीच बोली. जिजींचं बोलणं कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. कर्करोगानं बंगळुरूला त्यांचं निधन झालं. एकीला विशीत मिळालं आणि मग चाळीस वर्षं मागच्या रांगेत उभं राहावं लागलं, दुसरीला सगळं म्हातारपणीच मिळालं. लग्नाघरी बायका त्यांना 'जिजी' म्हणूनच हाक मारायच्या, खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. पुन्हा तेच!

आशालतांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. त्याचं नाव 'गर्द सभोवती'. हे शब्द 'मत्स्यगंधा'तल्या त्यांच्या पदातले. सिनेमे शंभर केले, पण पुस्तकाला नाव देताना त्यांना गाणंच आठवलं. आईला मी ते पुस्तक वाचून दाखवायला हवं होतं. राहून गेलं.

त्या २२ तारखेला सगळी चॅनेल्स त्यांचा एकच फोटो दाखवत होती. काठापदराची साडी, कपाळावर मोठं कुंकू, चेहऱ्यावर ते सोसणारं हसू. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा काय फोटो लावलाय? नाटकातला नाही का कुणाकडे?"

मी मोबाइलवर शोधलं. फोटो धड सापडेना, पद सापडलं. जुनं ध्वनिमुद्रण, जरा खरखर असलेलं. मोबाइल तिच्या कानाजवळ धरला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, आवाज वाढवला आणि मला खुणेनं सांगितलं, टीव्ही बंद कर.